ब्रॅकनवुड बुडालं नव्हतं

राजोडी, वसई
१४ जानेवारी २०२४

चि. जॉयस,
अनेक आशीर्वाद.

नाताळचं तुझं कार्ड नवीन वर्ष लागल्यावर पोचलं. तुझ्या आईने ते शोकेसमध्ये लावलं आहे. आम्ही सगळे ठीक.

आता कामाचं लिहितो. आपल्या धर्मग्रामातले काही जण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जहाजांवर होते आणि परत आले नाहीत. त्यांच्या नावांची एक शिळा चर्चच्या आवारात बसवायचं ठरलं आहे. मजकूर माझ्या गळ्यात पडला, कारण मी तहसील कचेरीतून निवृत्त झालो आणि कचेरीतल्या माणसाला सगळ्या तारखा ठाऊक असतात असा गावाचा समज आहे.

त्यात आपले प्लासिडकाकाही आहेत. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, म्हणजे अँजेलिनाबायचे वडील. मी त्यांना पाहिलेलं नाही. ते 'ब्रॅकनवुड' नावाच्या इंग्रजी मालवाहू बोटीवर बेकर होते. १९४३ साली बोट बुडाली आणि काकाही गेले, एवढंच घरात ऐकत आलो. कंपनीची चिठ्ठी आली होती. त्यात 'बेपत्ता' एवढाच शब्द होता म्हणतात. ती चिठ्ठी आता नाही.

अँजेलिनाबाय तेव्हा चार वर्षांची होती, आज पंच्याऐंशीची आहे. तिच्या डोळ्यांदेखत शिळा लागावी असं मला वाटतं. तू न्यूकॅसलला आहेस. तिथे शेजारच्या सुंदरलँडमध्ये पूर्वी जहाजं बांधायचे असं वाचलं. हॉस्पिटलातून सवड काढून एवढं बघ, बोट कुठल्या तारखेला आणि कुठे बुडाली. फोनवर सांगू नकोस, लिहून पाठव. बायला ऐकायला कमी येतं, पण वाचते अजून झकास.

तुझा,
फर्डिनंडमामा

*

न्यूकॅसल
११ फेब्रुवारी २०२४

प्रिय मामा,

सुंदरलँडला जाऊन आले. तिथे गोदीत काम केलेल्या म्हाताऱ्या माणसांचा एक ग्रुप आहे, ते गावात बांधलेल्या प्रत्येक जहाजाची माहिती जमवतात. ब्रॅकनवुड तिथलंच निघालं. त्यांनी मला दोन पानांचा प्रिंटआउट दिला. पण मामा, ब्रॅकनवुड बुडालं नव्हतं.

तुम्हाला नीट सांगते. जहाज १९४१ च्या सप्टेंबरमध्ये पाण्यात सोडलं. युद्धासाठी घाईघाईत एका नमुन्याची पुष्कळ जहाजं बांधत होते, त्यातलं हे एक. कोळशावर चालणारं, सात हजार टनांचं, चालीला मंद. पहिल्या फेरीत लिव्हरपूलहून लॉऱ्या आणि दारूगोळा घेऊन आफ्रिकेला वळसा घालून सुएझला गेलं. तिथून मुंबईला आलं आणि खलाशी, भटारी, वाढपी सगळे मुंबईत भरले. प्लासिडआजोबा तेव्हाच चढले असणार. मग वर्षभर कराची, मुंबई, डर्बन अशा फेऱ्या. एप्रिल १९४३ मध्ये आफ्रिका आणि मादागास्करच्या मधल्या समुद्रात टॉर्पेडो लागला, पण जहाज स्वतःच्या वाफेवर डर्बनला पोचलं. दुरुस्तीनंतर पुन्हा कामाला लागलं. १९४४ मध्ये इटलीला कोळसा आणि पीठ, १९४५ मध्ये रंगूनहून तांदूळ. युद्ध संपल्यावर साधा व्यापार. १९५२ ला ग्रीक मालकाने घेऊन नाव बदललं, १९६१ ला इटलीत मोडीत काढलं.

म्हणजे वीस वर्षं चाललं बिचारं. टॉर्पेडो लागूनही बंदरात आलं म्हणजे वरची माणसं वाचलीच असणार. आजोबांचं काय झालं ते यात नाही, पण शिळेवर 'बोट बुडाली' असं मात्र लिहू नका.

तुमची,
जॉयस

*

राजोडी
९ मार्च २०२४

चि. जॉयस,

पत्र मिळालं. तीनदा वाचलं. मग अँजेलिनाबायकडे घेऊन गेलो. मला वाटलं, ती म्हणेल की ही दुसरीच बोट असेल. तिने शांतपणे वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाली, "बाबांचं नाव घालू नका."

मी म्हटलं, "अगं, बुडाली नाही तरी माणूस गेला तो गेलाच ना?"

ती म्हणाली, "फर्डी, मला विचारू नको. नाव घालायचं नाही."

तिचा असा स्वर मी कधी ऐकला नव्हता. मी उठून आलो.

आता माझ्या मनात काय येतं ते तुला लिहायला हरकत नाही. बोट बंदराला लागली, माणसं वाचली, आणि आमचे काका 'बेपत्ता'. बंदरात उतरलेला धडधाकट माणूस बेपत्ता कसा होतो? माझे वडील जन्मभर त्यांच्या नावाने मेणबत्ती लावत होते. त्यांना हे कळलं नाही हे एका परीने बरंच झालं.

सातिवलीच्या कारखान्यात शिळा घासून तयार आहे. मी त्यांना थोडं थांबायला सांगितलं आहे. कमिटीला अजून काही बोललो नाही. तूही आता पुढे शोधू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची.

फर्डिनंडमामा

*

राजोडी
२१ मार्च २०२४

प्रिय जॉयस,

फर्डिनंडने तुला शोध थांबवायला लिहिलं. तू थांबू नकोस. त्याला जे माहीत नाही ते तुला सांगते. माझ्या मुलांनाही मी हे कधी सांगितलेलं नाही.

बोट बुडाली नव्हती हे मला शाळेत होते तेव्हापासून ठाऊक आहे. मी ती पाहिली आहे.

मी बारा वर्षांची होते. आपल्या गावचा स्टॅनी मुंबईला गोदीत कामाला होता. तो एक दिवस घरी आला आणि आईला म्हणाला, "क्रिस्टीना, प्लासिडची बोट आलीय."

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ती बुडाली."

"बुडाली तर मग मी नाव कशाचं वाचलं?"

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये रविवारची मिस्सा झाल्यावर आई मला घेऊन मुंबईला गेली. कामावर नसलेल्याला गोदीत सोडत नाहीत. फाटकातून बोट दिसत होती. काळं धुरांडं, गंज चढलेली. आईला वाचता येत नव्हतं. तिने मला पुढे केलं. मी इंग्रजी अक्षरं जुळवून नाव वाचून दाखवलं. तिने ते दोनदा वाचून घेतलं.

एक खलाशी बाहेर येत होता. आईने त्याला थांबवलं. म्हणाली, "तुमच्या बोटीवर पाव करणारा वसईचा आहे ना?"

तो म्हणाला, "हो, तिकडचाच आहे."

"त्याला जाऊन सांगा, क्रिस्टीना फाटकात उभी आहे."

माणूस भला होता, परत आत गेला. आई तेवढ्यात पदर सारखा करून उभी राहिली. मग माझी वेणी तिला सैल वाटली म्हणून सोडून पुन्हा घातली. तो आला तेव्हा वेणीचं शेवटचं पेड राहिलं होतं. तो म्हणाला, "तो सांगतो, मी कुणा क्रिस्टीनाला ओळखत नाही."

आई म्हणाली, "बरं." तिने वेणी पुरी केली, रिबीन बांधली आणि आम्ही परत आलो.

घरी आल्यावर तिने बाबांचा फोटो काढून पेटीत ठेवला. मला म्हणाली, "बाप बुडाला असंच सांगायचं. टाकून गेला म्हटलं तर उद्या तुला कोणी करून घेणार नाही." स्टॅनीला सांगितलं की दुसरी बोट होती, नाव तेवढं सारखं.

आई तेव्हा तिशीची होती. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, तिला दुसऱ्या लग्नाला सांगत होते. निर्मळकडचा एक चांगला माणूस होता, बायको गेलेला, मला खाऊ आणायचा. आईने नाही म्हटलं. नवरा जिवंत असताना दुसरं लग्न धर्मात बसत नाही, आणि तो जिवंत आहे हे तिला कोणाला सांगता येत नव्हतं. आजोबा तिच्याशी बोलायचे बंद झाले ते कायमचे. त्यानंतर ती तेहतीस वर्षं जगली. वाडी केली, केळी लावली, माझं लग्न केलं. बाबांच्या आत्म्यासाठी मिस्सा मात्र एकदाही वाहू दिली नाही. लोक म्हणायचे, फार दुःख झालंय तिला.

म्हणून शिळेवर नाव नको. चर्चच्या दारात खोटं कोरू नये.

तुला जमलं तर एवढं बघ, तो कुठे उतरला आणि कुठे राहिला. दुसरं घर केलं असेल तर मुलंही असतील. मला त्यांच्याकडून काही नको. माझं वय झालं आहे, कळलं तर बरं एवढंच.

तुझी मावशी,
अँजेलिना

*

न्यूकॅसल
९ जून २०२४

प्रिय मावशी,

उत्तराला वेळ लागला. हे पत्र कोणी जवळ असताना वाचा.

तुमचं पत्र आल्यावर मी तो प्रिंटआउट पुन्हा काढला. 'टॉर्पेडो लागला, डर्बनला पोचलं' या ओळीवरून मीच ठरवलं होतं की माणसं वाचली. तिथे तसं लिहिलेलं नव्हतं. मी सुंदरलँडच्या ग्रुपला विचारलं, त्या दिवशी जहाजावरच्या माणसांचं काय झालं? ते म्हणाले, आम्ही लोखंडाचा हिशेब ठेवतो, माणसांचं विचारायचं तर मार्गारेट हॉलंडकडे जा. तिचे वडील ब्रॅकनवुडवर सेकंड ऑफिसर होते.

मागच्या रविवारी तिच्याकडे गेले. तुमच्याच वयाची आहे, समुद्राजवळ एकटी राहते. मी दारात नाव सांगितलं आणि म्हटलं, माझ्या नात्यातले एक आजोबा त्या जहाजावर बेकर होते. ती लगेच म्हणाली, "प्लासिड? बॅसीनचा प्लासिड?" बॅसीन म्हणजे वसई, मावशी.

तिचे वडील ही हकिगत घरात कितीदा तरी सांगायचे. ती जशी सांगत गेली तशी लिहिते.

टॉर्पेडो पहाटे लागला, मागच्या बाजूला. जहाज कलंडायला लागलं. कॅप्टनने जहाज सोडायचा हुकूम दिला. जीव वाचवायच्या चार छोट्या बोटी होत्या, कोणी कुठल्या बोटीत जायचं हे आधीच ठरलेलं असायचं. त्या दिवसाचा पाव नुकताच भट्टीतून निघाला होता. प्लासिडआजोबांनी तो पोत्यांत भरला आणि प्रत्येक बोटीत एकेक पोतं टाकत गेले. सेकंड ऑफिसर त्यांच्यावर ओरडला, "ते सोड आणि बोटीत बस." ते म्हणाले, "साहेब, गरम आहे, जपून." मग ते त्यांच्या ठरलेल्या बोटीत बसले. चौथ्या.

दिवस उजाडला तरी जहाज तरंगतच होतं. जिथे भोक पडलं तिथे कापसाचे दाबलेले गठ्ठे होते. पाण्याने ते फुगले आणि भोकात बोळा बसावा तसे घट्ट बसले. ते बघून जवळच्या दोन बोटी परत फिरल्या, माणसं वर चढली, त्यांनी बॉयलर पेटवला. तेवढ्यात पावसाची मोठी सर आली आणि बाकीच्या दोन बोटी दिसेनाशा झाल्या. संध्याकाळपर्यंत जहाज तिथेच भोंगा वाजवत फिरत राहिलं. मग पाणबुडीच्या भीतीने निघावं लागलं. तिसरी बोट काही दिवसांनी एका पोर्तुगीज जहाजाला सापडली. त्यातली सगळी माणसं जिवंत होती, पावावर. चौथी बोट कुणालाच सापडली नाही. म्हणून कंपनीने 'बेपत्ता' लिहिलं.

मार्गारेटने विचारलं, "त्याला एक लहान मुलगी होती ना? वडील म्हणायचे, एवढी आहे असं तो भट्टीच्या दाराला हात लावून दाखवायचा." मी म्हटलं, होती, अजून आहे. ती उठून आत गेली आणि बऱ्याच वेळाने आली.

मावशी, तुम्ही गोदीवर गेलात तेव्हा आजोबांना जाऊन आठ वर्षं झाली होती. डर्बनच्या दुरुस्तीनंतर जहाजावर दुसरी माणसं घेतली. फाटकातून निरोप गेला तो वसईकडच्याच दुसऱ्या कुठल्या तरी बेकरला. तो खरंच क्रिस्टीनाआजींना ओळखत नव्हता.

फर्डिनंडमामांना मी यातलं काही कळवलेलं नाही. ते तुम्ही ठरवा.

तुमची,
जॉयस

*

राजोडी
१८ ऑगस्ट २०२४

चि. जॉयस,

जूनच्या शेवटी अँजेलिनाबाय एकटीच माझ्या घरी आली, ओटीवर बसली आणि तुझं पत्र माझ्या हातात दिलं. मी वाचत असताना ती रस्त्याकडे बघत होती. वाचून झाल्यावर तिने गोदीची हकिगत सांगितली. सत्तर वर्षं मी त्या घरात जातोय, मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

मला राग आला, पण कोणावर काढणार? म्हटलं, "काकूंनी नुसतं नाव का नाही विचारलं? प्लासिड आहे का, एवढं विचारलं असतं तर?"

बाय म्हणाली, "आईला वाटत होतं तो आत आहेच. आहे का हे विचारायला ती गेलीच नव्हती. बाहेर येतो का, एवढंच तिला बघायचं होतं."

मग मी शिळेचं काढलं. ती नाव घालायला तयार झाली. कमिटीतल्या काहींना 'वीरमरण' हा शब्द हवा होता. बाय म्हणाली, "पाव भाजत होता, तेच लिहा." तसं लिहिलं: प्लासिड, ब्रॅकनवुड जहाजावरील बेकर, हिंदी महासागर, एप्रिल १९४३. पंधरा ऑगस्टला, मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला फादरांनी शिळा आशीर्वादित केली. बाय पुढच्या बाकावर होती.

पण तुला हे पत्र दुसऱ्याच कारणासाठी लिहितोय. जूनमध्ये माझ्याकडे येऊन गेली तेव्हापासून, शिळेचा दिवस सोडला तर, ती घराबाहेर पडत नाही. जेवण अर्धं टाकते. फुलांची वाडी तिने कधी दुसऱ्याच्या हाती दिली नव्हती, आता फुलं झाडावर सुकतात तरी बघत नाही. मुलाने डॉक्टर आणला. तो म्हणाला, रक्तदाब, साखर सगळं ठीक. मी भेटायला गेलो की "ये" म्हणते आणि गप्प बसते. मला वाटलं होतं तिच्या डोक्यावरचा भार उतरेल. उलटच झालं. पंच्याऐंशीव्या वर्षी माणसाला असं काही सांगावं का, याचा मी रोज विचार करतो. तूही सांगण्याआधी मला विचारायला हवं होतंस. पण मीच तुला या कामाला लावलं, तेव्हा तुला काय बोलू.

तू तिला दोन ओळी लिही. माझं बोलणं तिच्यापर्यंत पोचत नाही.

फर्डिनंडमामा

*

राजोडी
४ नोव्हेंबर २०२४

प्रिय जॉयस,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिल्याला उत्तर दिलं नाही, रागावू नकोस. तू क्षमा मागितलीस त्याची काही गरज नव्हती.

फर्डिनंडला वाटलं मी आजारी पडले. मी आजारी नव्हते. माझा बाप गेला होता, मी दुखवट्यात होते. हे त्याला कुठून कळणार, मलाच उशिरा उमगलं.

चार वर्षांची होते तेव्हा ते गेल्याचं सगळ्यांनी सांगितलं, पण त्या वयात काय कळतं? बाराव्या वर्षी कळलं की ते आहेत आणि आम्हाला नको म्हणतात. तेव्हापासून मी त्यांच्याशी भांडत आले. लग्नात भांडले, पहिल्या बाळंतपणात भांडले. आई गेली तेव्हा तर फार बोलले मनातल्या मनात. मी म्हातारी होत गेले तसे तेही कुठेतरी म्हातारे होत होते. शंभरी उलटली तरी मला वाटायचं, असतील अजून कुठे काठी टेकत. माझा राग त्यांच्या पायाशी बसून असायचा. तुझं पत्र वाचलं आणि कळलं की तिथे कोणी नव्हतंच. एका दुपारी सगळं रिकामं झालं. मग जेवण कसं जाणार?

आता जेवते. फुलं काढायलाही जाते, थोडी थोडी.

परवा मृतांचा स्मरणदिन झाला. त्याच्या आठवडाभर आधी फादरांकडे गेले आणि मिस्सा सांगितली. ते म्हणाले, "प्लासिडबाबांसाठी ना?"

मी म्हटलं, "नाही. क्रिस्टीनासाठी."

ते म्हणाले, "त्यांच्यासाठी तर तुम्ही दरवर्षी सांगता, मार्चमध्ये."

मी म्हटलं, "तिला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. मार्चपर्यंत थांबवत नाही."

त्यांनी वहीत नाव लिहून घेतलं.

मिस्सा झाल्यावर आम्ही दफनभूमीत गेलो. सगळं गाव होतं, फुलं, मेणबत्त्या, पोरांचा गोंधळ. फर्डिनंडने मला खुर्ची आणून दिली आणि बाजूला उभा राहिला. मी बसले नाही. आईच्या क्रुसाला धरून उभी राहिले. काय बोलायचं ते मी रात्रंदिवस जुळवलं होतं. तुला दोष नाही, कोणालाच दोष नाही, आजोबांनाही आता माफ कर, असं पुष्कळ काही. तिथे गेल्यावर त्यातलं काही आठवलं नाही.

मी एवढंच म्हटलं, "आई, तो माणूस दुसराच होता."

नंतर बराच वेळ उभी होते. फर्डिनंड "चल" म्हणाला नाही, हे त्याने बरं केलं.

तुझी मावशी,
अँजेलिना